त्याने ठोकलेल्या फळ्या

४ फेब्रुवारी

फोटो मिळाले. पत्रही मिळालं. पत्रात मला 'तुम्ही' लिहिलं आहेस. लग्नात कधी दिला नाहीस तो मान घटस्फोटानंतर देते आहेस. बरं वाटलं.

फोन करू नका, लिहूनच कळवा, म्हणतेस. कबूल. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं हे मलाही ठाऊक आहे. कागदावर निदान तू मध्ये बोलत नाहीस.

तर घराच्या बाहेरच्या फळ्या. 'थंडीच्या आधी यांनी स्वतःच्या हाताने लावल्या' हे सांगायची काही गरज नव्हती. पहिला फोटो बघूनच कळलं की हे काम सुताराचं नाही, बसच्या ड्रायव्हरचं आहे. आणि नव्या नवऱ्याला 'यांनी'! मला चारचौघांत 'ए' म्हणायचीस.

विचारलंच आहेस तर ऐक. लाकूड पाणी पितं तेव्हा रुंदावतं, वाळतं तेव्हा आक्रसतं. भिंतीवर चढवलं तरी ते हलायचं थांबत नाही, त्याला जागा द्यावी लागते. तुझ्या ड्रायव्हरने वरची फळी आणि तिच्याखाली दबलेली फळी एकाच खिळ्याने जखडून टाकली आहे. अशी फळी एक तर फुगते, नाही तर चिरते. तुमच्याकडे दोन्ही झालंय. खिळ्यांखाली काळे ओघळ आलेत, कारण खिळे साध्या लोखंडाचे आहेत. बाहेरच्या कामाला जस्त चढवलेले घ्यायचे असतात, दुकानातला पोरगाही सांगेल. खालची फळी थेट मातीत टेकवली आहे, म्हणजे ती रोज जमिनीतून पाणी ओढते. आणि खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी नाही. भिंतीवरून उतरणारं पाणी चौकटीच्या मागे जाऊन बसत असणार. आत काय झालं असेल त्याचा मला अंदाज आहे, पण फोटोत दिसत नाही ते मी बोलत नाही.

फोटोत दिसतं ते सांगतो. दुसऱ्या फोटोत दोरीवर त्याचा खाकी शर्ट वाळतोय. तिसऱ्यात पायरीवर दोन कप आहेत, एकमेकांना चिकटून ठेवलेले. फोटो काढण्याआधी ते उचलता आले असते.

तिथल्याच कुणा सुताराला बोलव. फळ्या उतरवाव्या लागतील, वरवर रंग फासून भागणार नाही.

सुतार म्हणून विचारलंस, म्हणून खाली सही तेवढीच करतो.

सुतार


१९ फेब्रुवारी

तिथला सुतार आला, भिंतीभोवती एक चक्कर मारली, मान हलवली आणि गेला. दुसऱ्याने बांधलेल्या घरात हात घालायला सुतार का कू करतात, त्याला इलाज नाही. आता 'तुम्ही पायरी-पायरीने लिहून द्या, हे करतील' म्हणतेस. म्हणजे मी इथे बसून त्याला शिकवायचं, त्याने ते करायचं आणि तू पायरीवर कप घेऊन बघत बसायचंस.

मी तेही लिहिलं असतं. खरंच, कागद पुढे ओढला होता. पण पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात तू लिहिलंस: 'ओल चिमणीच्या खोलीत आली आहे, तिला झोप लागत नाही.'

हे तळाशी लिहायचं असतं?

आपली चिमणी तुझ्याकडे आहे? मला ती सांगते की नोकरी चालू आहे, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, सगळं मस्त. तिचा दमा वाढला, नोकरी सुटली, ती थंडीआधीच सामान घेऊन तिथे आली, हे मला फळ्यांच्या निमित्ताने, तिला फोन करून खोदून विचारल्यावर कळतंय. फळ्या फुगल्या नसत्या तर कळलंही नसतं. लेकीला बरं नसेल तेव्हा ती कुणाकडे जाईल याचा मी कधी विचार केला नव्हता, कारण मी धरून चाललो होतो. काय धरून चाललो होतो ते आता लिहीत नाही.

तुझ्या ड्रायव्हरला सांग, कशालाही हात लावू नकोस. फक्त फळ्या आणून ठेव आणि खाली ठोकळे देऊन, मध्ये हवा खेळेल अशा, छपराखाली रचून ठेव. जागेवरची हवा लागू दे त्यांना. मापं मागच्या पानावर आहेत.

मी येतोय. तुमच्या घरी राहणार नाही. किराणा दुकानाच्या वर एक खोली भाड्याने मिळते असं कळलंय, ती घेईन.


३ मार्च

दिवसभर तुझ्या अंगणात असतो आणि जे बोलायचं ते राहून जातं. म्हणून या दुकानावरच्या खोलीत बसून लिहितो आहे. उद्या सकाळी चहाच्या कपाखाली ठेवून जाईन, म्हणजे तुलाच मिळेल.

पहिल्याच दिवशी त्याने फाटकात माझ्या हातातली हत्यारांची पेटी घेतली. माझी पेटी मी कुणाला उचलू देत नाही, हे तू त्याला सांगायला हवं होतंस. "बापरे, जड आहे," म्हणाला. मी म्हटलं, "हत्यारं असतात तिच्यात, हवा नसते." तर तो हसला! मनापासून हसला. ज्याला टोमणा लागतच नाही अशा माणसाशी वागायचं तरी कसं?

पश्चिमेची भिंत आधी घेतली, कारण पावसाचा मारा तिकडून आहे आणि चिमणीची खोलीही तिथेच. वरून सुरुवात करून एकेक फळी पहारीने सोडवली. मागे पाणी अडवणारा कागद नाही, हवा खेळायला उभ्या पट्ट्या नाहीत. फळी सरळ जुन्या भिंतीला चिकटवलेली. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती. फळ्यांची पाठ पांढऱ्या बुरशीने भरली होती. त्या पाठीला रंगाचा एक हातही लागलेला नाही, बाहेरून मात्र चकचकीत. खिडकीखालच्या खांबाला पटाशी टेकवली तर ती भिजल्या पावात जावी तशी आत गेली.

मला वाटलं, आता तरी हा खाली मान घालेल. मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. इतका लांबचा प्रवास मी त्या एका क्षणासाठीही केला होता. तर त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ए, बाहेर ये, बघ मी काय करून ठेवलंय!" आणि तू पदराला हात पुसत आलीस, त्या खांबात बोट घातलंस आणि दोघं हसत सुटलात. आपल्या घरातलं कपाटाचं दार मी उलट्या बाजूने बसवलं होतं, आठवतं? आठवडाभर तू माझ्याशी बोलली नव्हतीस.

"एवढे खिळे कशाला मारलेत?" मी त्याला विचारलं.

"हलू नये म्हणून."

"लाकूड हलायलाच हवं."

"हलायलाच हवं?" तो विचारात पडला. "मग ते भिंतीवर थांबतं कसं?"

हे मला समजावून सांगावं लागलं. फळीला वरच्या अंगाला धरायचं, खालचं अंग मोकळं सोडायचं. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. ऐकतो मात्र नीट.

आता जे लिहायला बसलो होतो ते. दुपारी मी शिडीवर होतो, तोंडात खिळे धरलेले. आतून चिमणीची हाक आली, "बाबा!"

मी वळलो. खिळे तोंडातच. तोही वळला. मी एक पाय शिडीवरून खाली टाकला, तेवढ्यात तो पळत घरात शिरलाही होता. खिडकीतून दिसलं मला. तिचा दम्याचा पंप पलंगामागे पडला होता आणि तिला धाप लागली होती. त्याने शोधाशोध केली नाही. आपल्या शर्टाच्या खिशातून दुसरा पंप काढला, हलवला, तिच्या हातात दिला. पाठीमागे उशी सरकवली. तिच्याशी काही बोलला नाही, नुसता शेजारी बसून स्वतः हळूहळू श्वास घेत राहिला आणि ती त्याच्याबरोबर घेत राहिली.

मग तिने खिडकीकडे पाहिलं. मी दिसलो. तिचा चेहरा कसा झाला ते तू पाहिलं नाहीस.

संध्याकाळपर्यंत ती मला कोणत्याच नावाने हाक न मारता बोलली. "चहा हवा का?" "हातोडी इथे ठेवू का?" अशी.

त्याच्या खिशात पंप असतो. सारखा असतो का?


९ मार्च

काल सकाळी भिंत उघडी टाकून मी कुठे गेलो होतो, हे तू विचारलं नाहीस. त्याने सांगितलं असेल, किंवा नसेल. माझ्या तोंडून ऐक.

चिमणी चहा घेऊन आली आणि नव्या फळ्यांच्या थप्पीवर बसली. उन्हात बरी दिसत होती. मला गप्प बसता आलं असतं. मी विचारलं, "त्याला बाबा कधीपासून म्हणतेस?"

"ठरवून नाही म्हटलं," ती म्हणाली. "एकदा श्वास अडकला होता, तेव्हा तोंडातून निघालं. मग परत काका म्हणायला बरं वाटेना."

"आणि मी?"

"तू बाबाच आहेस ना. तुझं काय कुणी काढून घेतलंय का?"

मग तिने फळ्यांचं सांगितलं. ती यायची ठरली तेव्हा तुमच्या जुन्या भिंतीच्या फटींतून वारा आत यायचा. थंडी तोंडावर आलेली. त्याने रजा काढली, ट्रकमधून ओल्या फळ्या उतरवल्या आणि तशाच, रिपरिप चालू असताना, ठोकून काढल्या. ती आली त्या दिवशी खोलीत वारा नव्हता.

"मला बोलवायचं होतं," मी म्हटलं. "सुतार मी आहे का तो?"

"तू आला असतास, बाबा. पण आधी भांडला असतास. आईशी भांडला असतास, मग माझ्याशी. आणि थंडी काही थांबणार नव्हती."

मी हातोडी ठेवली, खोलीवरून पिशवी घेतली आणि थांब्यावर जाऊन उभा राहिलो. हत्यारंसुद्धा तुमच्याकडेच राहिली. डोक्यात एकच होतं: ज्याने सगळं चुकीचं केलं त्याला बाबा म्हणतात, आणि ज्याला सगळं बरोबर येतं तो शिडीवर.

बस आली. दार उघडलं. स्टिअरिंगवर तो.

माझ्या हाताखाली काम करायला काढलेली त्याची रजा संपली होती हे माझ्या लक्षातच नव्हतं! गावातून बाहेर जायला एक बस, आणि तीही त्याचीच. मी मागे फिरणार, तेवढ्यात तो कंडक्टरला म्हणाला, "यांचं तिकीट राहू द्या, घरचे आहेत."

घरचे म्हटल्यावर मी मुद्दाम तिकीट काढलं. पण गाडी भरलेली होती आणि मोकळी जागा नेमकी त्याच्या पाठीमागे.

तो रस्त्याकडे बघत होता आणि मी त्याच्या मानेकडे. मग घाटाच्या वळणावर म्हणाला, "चिमणी काही बोलली का?"

"खरं तेच बोलली."

"ती बोलते तसं," तो म्हणाला. "मलाही बोलते." थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "घरात तुमच्या हातची एक खुर्ची आहे. मी तिच्यावर बसत नाही. मी बसलो की करकरते."

"सांधा सैल झाला असेल. बघतो," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"तसं नाही हो. दार अडकलं, नळ गळला, की ती म्हणते, सुतार असता तर एका फटक्यात झालं असतं. चांगल्या मनाने म्हणते. तिला कळतही नाही की ती म्हणते." त्याने गिअर बदलला. "फळ्यांच्या वेळीही ती म्हणाली होती, सुताराला कळवू या. मीच नको म्हटलं. थंडीचं कारण खरं आहे, पण हेही खरं आहे. म्हटलं, या घरात एक तरी गोष्ट माझ्या हातची असू दे."

मागे कुणाची तरी टोपली घरंगळली, लोक ओरडले, तो ब्रेक लावून थांबला, पुन्हा निघाला.

मला आनंद झाला. लपवत नाही. माझ्यावर जळणारा माणूस मला भेटला होता आणि तोही हाच, यापेक्षा अधिक काय हवं होतं मला? शेवटच्या थांब्यापर्यंत मी त्या आनंदात बसून होतो. तू 'सुतार असता तर' म्हणतेस, हे मनात घोळवत होतो. अजूनही घोळवतो आहे. ते म्हणणं बंद करू नकोस, असं लिहिणार होतो, पण लिहीत नाही. त्याला लागतं.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी बसून राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, गाडी इथून परत फिरते."

"फिरू दे," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर पश्चिमेला आभाळ काळं झालेलं दिसलं. गाडीचा वेग वाढला. उघडी भिंत, नवा बसवलेला खांब, आत तिचा पलंग. थांबा सोडून त्याने बस तुमच्या फाटकासमोर उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. गाडीतली माणसं कुरकुरली. "उतरा," मला म्हणाला, "मला गाडी सोडता येत नाही. उतरा लवकर."

बाकीचं तुला ठाऊक आहे. तू आणि चिमणी ताडपत्री ओढत होतात आणि वारा ती हिसकावून घेत होता. मी वरची दोरी बांधली, तू खालचं टोक धरलंस. पाऊस तोंडावर येत होता. मी शिडीवर नखशिखांत भिजलेला, आणि तू खालून ओरडून विचारलंस, "हे कुठे आहेत?"

हे कुठे आहेत!

"बसमध्ये," मी म्हटलं. "कोरडे आहेत."

भिंत भिजली नाही. उद्यापासून सात वाजता कामाला येतो. खुर्ची बाहेर काढून ठेव.


२८ मार्च

सुखरूप पोचलो.

चारी बाजू झाल्या. जाताना तू भिंतीकडे बघत होतीस, तेव्हा बोलायचं राहिलं ते आता सांगतो. पश्चिमेच्या भिंतीच्या खिडकीखालच्या फळ्या मी लावलेल्या नाहीत. तुला ओळखू येणार नाही, मलाही जवळ गेल्याशिवाय येत नाही. कागद मी चढवला, उभ्या पट्ट्या मी मारल्या, खिडकीवरची पत्र्याची पट्टी मी वाकवली. पण खिडकीखालच्या फळ्या त्याने लावल्या. मी मागे उभा राहून "बस, आता हात आवर" म्हणायचो, कारण त्याला प्रत्येक खिळ्यावर आणखी एक फटका मारल्याशिवाय चैन पडत नाही. आठवड्यात हात हलका झाला. कापलेल्या टोकांना रंग लावायला एकदाही विसरला नाही. तेव्हा ती भिंत त्याच्या हातची समज. मी हे मोठ्या मनाने लिहितो आहे असं समजू नकोस. लिहिताना दातओठ खातो आहे.

फळ्यांच्या तळाशी माती चढू देऊ नका. झाडाची फांदी भिंतीला घासते ती छाटा. खुर्ची आता करकरणार नाही.

आता दुसरं. मी निघायच्या आदल्या दिवशी चिमणीने मला सांगितलं, तुला तिने नंतर सांगितलं असेल. तिला इथल्या छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळतंय आणि ती माझ्याकडे राहायला येणार आहे. तिने विचारलं, "चालेल ना?" लेकीने बापाला असं विचारावं? चालेल म्हणालो. तू नाराज झाली असशील, तोही झाला असेल. होऊ दे जरा.

ती पुढच्या आठवड्यात येते. मी घर झाडलं, गाद्या उन्हात टाकल्या. कारखान्यातला भुसा कपड्यांतून घरात येतो, म्हणून बाहेरच्या मोरीवर कपडे बदलायची सोय केली. मग खुर्चीत बसलो तेव्हा ध्यानात आलं की तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. ती खिडकी उघडी ठेवून झोपते की बंद? उशी एक की दोन? धाप लागायच्या आधी कळतं का, आणि कशावरून कळतं? पंप कितीदा द्यायचा, आणि त्याने भागलं नाही तर? तिच्याशी बोलायचं की गप्प बसायचं? तू सांगशील थोडंफार, पण तू घाबरतेस, मला ठाऊक आहे. अशा वेळी तिच्याजवळ तो असतो.

तेव्हा हे पत्र त्याला दे. त्याला म्हणावं, सगळं क्रमाने लिही, काही गाळू नकोस. या माणसाला यातलं काहीच येत नाही, असं धरून लिही.